गोळीचं पाकीट कुणासाठी छापतात?

दहा गोळ्यांच्या पाकिटावर कंपनीनं ठेवलेलं नाव दहा-बारा वेळा छापलेलं असतं. गोळी कधीपर्यंत चालेल ते मात्र एकदाच, तेही एका टोकाला आणि पुष्कळदा शाई न लावता नुसतं दाबून उमटवलेलं. महाड तालुक्यातल्या तुडीलसारख्या गावात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला महिन्याच्या गोळ्या एकदम घेणं झेपत नसेल, तर मेडिकलवाला पाच गोळ्या कात्रीनं कापून देतो. त्या पाच गोळ्या ज्या टोकाच्या असतील त्यावर ठरतं की मुदत, बॅच नंबर आणि किंमत घरी येणार की दुकानातच राहणार. घरी आलेला तुकडा डब्यात पडतो. शेजारी शुगरच्या गोळीचा तुकडा असतो, मुलानं मुंबईहून पाठवलेली गुडघ्याची गोळी असते, गेल्या पावसाळ्यातल्या तापाच्या चार गोळ्या उरलेल्या असतात. चारही तुकडे रुपेरी, चारही इंग्रजीत. यातली कुठली कशाची आणि कुठली अजून चालण्यासारखी, हे घेणाऱ्याला कळावं अशी काही सोय त्या पाकिटात केलेली नसते. रोज कोट्यवधी हातांत जाणारी, थेट जिवाशी संबंध असलेली ही वस्तू अशी का, याचा शोध घेतला तर उत्तर निष्काळजीपणात सापडत नाही. हे पाकीट विचार करूनच घडवलेलं आहे. तो विचार करताना गोळी घेणारा माणूस डोळ्यांसमोर नव्हता.

आधी कारखान्यातली बाजू पाहू, कारण तिथं या कोड्याचा अर्धा उलगडा होतो. पाकिटाची अॅल्युमिनियमची पट्टी म्हणजे फॉइल, मोठ्या गुंडाळ्यांच्या रूपात छापखान्यातून आधीच छापून येते. त्यावर नाव, घटक, कंपनीचा पत्ता आणि इशारे असतात. या गोष्टी वर्षानुवर्षं बदलत नाहीत, म्हणून त्या लाखोंनी छापून ठेवणं स्वस्त पडतं. बॅच नंबर, बनवल्याची तारीख, मुदत आणि किंमत मात्र दर खेपेला बदलतात. त्या गोळ्या बंद करणाऱ्या यंत्रावरच, पाकीट कापलं जाण्याच्या बेतात असताना, ठशानं उमटवल्या जातात. ठसा एका ठिकाणी बसतो आणि ते ठिकाण म्हणजे पाकिटाचं टोक. फॉइलचे दोन थर घट्ट चिकटावेत म्हणून यंत्राचे रूळ त्यावर बारीक खाचांची जाळी उठवतात. या जाळीत ती अक्षरं तुटतात, आणि चकचकीत पृष्ठभागावर उजेड पडला की उरलीसुरलीही दिसेनाशी होतात. अॅल्युमिनियमच का, तर दमट हवेसाठी. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. अशा हवेत उघडी गोळी फुगते, तिचा रंग उडतो, तिच्यातलं औषध बिघडतं. साध्या पारदर्शक प्लास्टिकमधून बाष्प हळूहळू आत जातं, धातूच्या पत्र्यातून जात नाही. म्हणजे धातूची गरज खरी आहे. त्यामुळे गोळी डोळ्यांआड जाते, आणि ती डोळ्यांआड गेली की तिच्याबद्दल सगळं सांगण्याची जबाबदारी वरच्या अक्षरांवर येते. ती जबाबदारी ही अक्षरं पार पाडत नाहीत, ही माझी तक्रार आहे.

पाकिटावर काय असावं हे औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायदा, 1940 आणि त्याखालचे 1945 चे नियम ठरवतात. त्यातला 96 वा नियम लेबलवरच्या मजकुराचा. औषधाचं नाव, प्रत्येक गोळीतलं घटकाचं प्रमाण, उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, बनवल्याची तारीख आणि मुदत ही त्यातली मुख्य कलमं. मुदत महिना आणि वर्षात लिहायची असते आणि तिचा अर्थ त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत असा होतो. 04/2027 म्हणजे 30 एप्रिल 2027. ही यादी नीट वाचली की तिच्यातला प्रत्येक प्रश्न कुणाचा आहे ते दिसतं. परवाना क्रमांक औषध निरीक्षकाला हवा असतो. बॅच नंबर माल परत बोलावण्यासाठी. डाव्या कडेची लाल रेघ आणि वरचं आरएक्स हे चिन्ह दुकानदाराला सांगतं की चिठ्ठीशिवाय हे देऊ नकोस. हे सगळं गरजेचं आहे, यातलं एकही कलम काढून टाका असं मी म्हणणार नाही. परंतु गोळी घेणाऱ्याचे प्रश्न निराळे असतात. ही कशावरची? सकाळची की रात्रीची? जेवणाआधी की नंतर? चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या का? बरं वाटलं की थांबवायची का? या प्रश्नांसाठी यादीत जागा नाही. एका प्रश्नाकडे कायद्यानं अलीकडे लक्ष दिलं: 2018 च्या दुरुस्तीनं मूळ औषधाचं नाव कंपनीच्या नावापेक्षा दोन टाइप मोठं छापण्याचा नियम आणला, अनेक घटकांच्या मिश्रणांना त्यात सवलत ठेवून. दिशा बरोबर आहे. पण मोठं केलेलं ते नावही इंग्रजीतच आहे. आयात औषधांच्या नोंदणीसंबंधीच्या परिशिष्टात तर सोबतची माहितीपत्रिका इंग्रजीत असावी असं सरळ लिहिलेलं आहे. ती पत्रिकाही बहुधा मोठ्या खोक्यात जाते, आणि खोकं दुकानातच राहतं. युरोपात रुग्णाच्या हातात अख्खं खोकं पडतं, आत त्याच्या देशाच्या भाषेतली पत्रिका असते, वर ब्रेलमध्ये नावही असतं. आपल्याकडे हातात येतं ते नुसतं पाकीट किंवा त्याचा तुकडा. म्हणून आपलं पाकीट जास्त बोलकं असायला हवं होतं.

वाचता येत नसेल तर माणूस रंगावर आणि आकारावर भिस्त ठेवतो. ‘पांढरी सकाळी, गुलाबी रात्री’ ही घराघरांतली पद्धत त्यातूनच आली आहे, आणि तिला अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं होईल. ज्यांना अक्षरं येतात त्यांचीही चाळिशीनंतर ती बारीक अक्षरं वाचताना तीच अवस्था होते. 2011 च्या जनगणनेत रायगड जिल्ह्याची साक्षरता सुमारे 83 टक्के होती; ती साक्षरता प्रामुख्यानं मराठीची, आणि आपल्या काही गावांत उर्दूचीही. रंगाची ही पद्धत मोडते ती दुकानात. एका कंपनीची गोळी संपली की दुसरीची मिळते, औषध तेच पण रंग वेगळा. अमेरिकेत हृदयविकाराच्या झटक्यानंतर औषधं घेणाऱ्या रुग्णांचा एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. गोळीचा रंग बदलल्यावर ती घेणं थांबण्याची शक्यता 34 टक्क्यांनी, आणि आकार बदलल्यावर 66 टक्क्यांनी वाढल्याचं त्यात आढळलं. तिथं तर बाटलीवर रुग्णाचं नाव आणि सूचना छापून मिळतात. उलट धोका सारखेपणाचा. शुगरची 1 मिलिग्रॅमची आणि 2 मिलिग्रॅमची गोळी एकाच कंपनीच्या एकाच धाटणीच्या पाकिटात येते, फरक फक्त एका आकड्याचा. नावांचंही तेच. मलेरियावरच्या ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या दोन नावांवरून दोन कॅडिला कंपन्यांत वाद झाला आणि सर्वोच्च न्यायालयानं 2001 साली त्यावर निकाल दिला. औषधांच्या नावांतल्या साधर्म्याकडे इतर मालापेक्षा कडक नजरेनं पाहिलं पाहिजे, कारण इथं गोंधळ झाला तर जिवावर बेतू शकतं, असं न्यायालयानं म्हटलं. या देशाला एक सामायिक भाषा नाही आणि बहुसंख्य लोकांना इंग्रजी येत नाही, ही गोष्टही त्या निकालानं स्पष्टपणे विचारात घेतली. त्यानंतर 2019 मध्ये नियम आला, की आपलं नाव दुसऱ्या कुणाच्या नावाशी जुळत नाही असं उत्पादकानंच लिहून द्यायचं. तरीही एकच नाव एका कंपनीच्या मधुमेहाच्या गोळीवर आणि दुसऱ्या कंपनीच्या कर्करोगाच्या औषधावर असल्याचं उदाहरण पुढे आलंच. निकालाला आता वीस वर्षं उलटून गेली. त्यानं ओळखलेली भाषेची अडचण पाकिटापर्यंत अजून पोचलेली नाही.

याहून वेगळं पाकीट शक्य आहे का, हा प्रश्न विचारायला परदेशी जायची गरज नाही. ते याच जिल्ह्यात अनेक वर्षं घरोघर पोचलेलं आहे. कुष्ठरोगाचं उदाहरण मला सर्वांत मोलाचं वाटतं. पनवेल तालुक्यातल्या नेऱ्याला 1951 पासून कुष्ठरोग्यांसाठीचं शांतिवन उभं आहे. रायगडला या आजाराची जुनी ओळख आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 1981 मध्ये या आजारावर अनेक औषधं एकत्र देण्याची शिफारस केली. अडचण मोठी होती: रिफाम्पिसिन महिन्यातून एकदा, डॅप्सोन रोज, जास्त जंतू असणाऱ्यांना क्लोफाझिमिन रोज थोडं आणि महिन्यातून एकदा जास्त. असा हिशेब शिकलेल्या माणसाच्याही ध्यानात राहणार नाही. तो लक्षात ठेवण्याचं काम पाकिटावर सोपवलं गेलं. चार आठवड्यांचं एक पाकीट, पहिल्या दिवसाच्या गोळ्या वर वेगळ्या, त्या आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायच्या. खाली दुसऱ्या दिवसापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत ओळीनं एकेक कप्पा. मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी, सौम्य आणि तीव्र प्रकारासाठी वेगळे रंग. कुठल्या दिवशी काय घ्यायचं हे निरक्षर माणूसही बोट ठेवून सांगू शकतो, आणि कुठला दिवस चुकला हे भेटायला आलेल्या कर्मचाऱ्याला रिकाम्या कप्प्यांवरून दिसतं. माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट त्याच विचाराचं. खरी गरज एकवीस गोळ्यांची. पण सात दिवस थांबून पुन्हा सुरू करायचं हे मोजणं अवघड, म्हणून त्या सात दिवसांसाठी लोहाच्या तपकिरी गोळ्या घातल्या आणि घेण्याची दिशा बाणांनी दाखवली. बाईनं मोजायचं काही उरलंच नाही. रोज एक, संपलं की नवं पाकीट. क्षयरोगाच्या कार्यक्रमात तर एका रुग्णाचा अख्खा उपचार एका खोक्यात, त्याच्या नावानं, बाजूला ठेवला जाई: नव्या रुग्णाला लाल खोकं, पुन्हा उपचार लागणाऱ्याला निळं. औषध मध्येच संपलं म्हणून उपचार तुटला, असं होऊ नये ही त्यामागची खबरदारी. पुढे 2017 च्या सुमारास रोजच्या मात्रेची पद्धत आली आणि गोळ्यांची संख्या रुग्णाच्या वजनाच्या गटावरून ठरू लागली. काही ठिकाणी पाकिटाला असं वेष्टण चढवलं गेलं, की गोळी बाहेर काढल्यावरच तिच्यामागे दडलेला फोन क्रमांक दिसे. त्या क्रमांकावर रुग्णानं फुकटचा फोन लावला, की आजची गोळी घेतल्याची नोंद होई.

ही तीन पाकिटं वेगळी का निघाली, याचं उत्तर पैसे कोण देतं आणि कशासाठी देतं यात आहे. कुष्ठरोगाची गोळी चुकली तर जंतूंना औषधाची सवय होते आणि सरकारचा सगळा खर्च वाया जातो. म्हणून विकत घेणाऱ्या सरकारला रुग्णानं गोळी खरोखर घेण्यात रस होता. तो रस पाकिटाच्या रचनेत उतरला. बाजारातल्या रक्तदाबाच्या गोळीची निवड डॉक्टरचं पेन करतं, ठेवायची की नाही हे मेडिकलवाला ठरवतो, तपासणी निरीक्षक करतो. कंपनीच्या दृष्टीनं ज्यांच्या लक्षात राहायचं ते हे तिघं. पाकिटावर नाव दहा वेळा छापण्याचं कारणही तेच. गोळी घेणारा माणूस पैसे देतो, पण निवड करत नाही. आणि जो निवड करत नाही त्याची गैरसोय झाली म्हणून विक्री घटत नाही. याला कुणाची दुष्टाई म्हणायचं कारण नाही. एवढंच कळतं, की जोवर कुणी तरी रुग्णाच्या बाजूनं अट घालत नाही तोवर बाजार आपणहून हे पाकीट बदलणार नाही. अमेरिकेत 2005 साली डेबोरा अॅडलर या रचनाकार तरुणीनं औषधाच्या बाटलीचा चेहरामोहरा बदलला. तिच्या आजीनं चुकून आजोबांचं औषध घेतलं होतं, तिथून तिच्या कामाला सुरुवात झाली. घरातल्या प्रत्येकाच्या बाटलीला वेगळ्या रंगाची कडी आणि औषधाचं नाव सर्वांत वर, अशी ती बाटली. एका मोठ्या दुकानसाखळीनं ती स्वीकारली, म्हणून ती लोकांपर्यंत गेली. तिथंही अट घालणारा मोठा ग्राहक लागलाच.

लहान मुलांच्या औषधांत हा प्रश्न अधिक धारदार होतो. तापाचं तेच पॅरासिटामॉल थेंबांच्या बाटलीत बहुधा 1 मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम असतं, आणि सिरपच्या बाटलीत 5 मिलिलिटरला 125, म्हणजे 1 मिलिलिटरला 25. थेंब सिरपच्या चौपट तीव्र. बाळासाठी छोटी बाटली सौम्य असणार, हा कुठल्याही आईचा समज साहजिक आहे आणि इथं तो नेमका उलटा ठरतो. दोन्ही बाटल्यांवर आकडे आहेत, पण ते एकमेकांशी ताडून पाहता येतील अशा रीतीनं लिहिलेले नाहीत. जलसंजीवनीची मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते, छोटी 200 मिलिलिटरची. छोटी पुडी लिटरभर पाण्यात गेली तर क्षार पाचपटीनं विरळ होतात, मोठी एका पेल्यात गेली तर बाळाला अपाय होतो. त्यामुळे किती पाणी हे पुडीवरचं सर्वांत मोठं अक्षर असायला हवं. ओआरएस हे नाव लावून साखरेची पेयं विकली जात होती, ती परवानगी अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर 2025 मध्ये काढून घेतली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्यासाठी चालवलेल्या चिकाटीच्या लढ्याला ते यश आहे. त्याच महिन्यात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची बातमी आली: कांचीपुरम जिल्ह्यात बनलेल्या कोल्ड्रिफ या खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल निघालं आणि वीसहून अधिक मुलं दगावली. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं तातडीनं इशारा दिला, की एसआर-13 या बॅचचं औषध घरात असेल तर वापरू नका. इशारा योग्य होता. पण तो पाळायचा तर वाडीवरच्या आईला बाटली हातात घेऊन बॅच नंबर शोधता आला पाहिजे. अशा वेळी निरीक्षकासाठी छापलेला आकडाही घरच्या माणसाचा होतो. तो इंग्रजी छोट्या अक्षरांच्या गर्दीत, किमतीच्या आणि परवान्याच्या आकड्यांमध्ये असेल, तर तो इशारा महाडच्या बाजारापर्यंत येतो आणि तिथंच थांबतो.

यावर पहिला आक्षेप भाषेचा घेतला जातो. कंपनी एक, देश एक, भाषा बावीस. किती भाषांत छापणार? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर आपल्या शेतकऱ्यांच्या खोपटातच आहे. कीटकनाशक नियम, 1971 नुसार विषारी औषधाच्या डब्यावरचा आणि पत्रिकेवरचा मजकूर हिंदी, इंग्रजी आणि जिथं तो माल विकला जाणार तिथल्या एक-दोन प्रादेशिक भाषांत असावा लागतो. विषाची तीव्रता लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या रंगानं दाखवावी लागते. भातावर फवारायचं औषध मराठी बोलू शकतं, तर पोटात घ्यायचं का नाही? सावित्रीच्या खोऱ्यातल्या पुष्कळ घरांतली माणसं आखातात आहेत. तिथून येणाऱ्या औषधांच्या खोक्यांवर इंग्रजीच्या जोडीला अरबी असतं, कारण तिथल्या सरकारांनी तशी अट घातली आहे. आणि महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत हवी हा 2022 चा कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2023 साली व्यापाऱ्यांना ती लावायला दोन महिन्यांची मुदत दिली. म्हणजे ‘मेडिकल’ हा शब्द मराठीत लिहिणं सक्तीचं झालं आणि आतल्या गोळीचं नाव इंग्रजीतच राहिलं. बावीस भाषांचा आग्रह मी धरत नाही. देवनागरीत औषधाचं मूळ नाव आणि त्याची ताकद, एवढं आलं तरी मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी वाचणाऱ्या सगळ्यांचं भागतं. वेळेसाठी सूर्य आणि चंद्राची चित्रं कुठल्याही भाषेत चालतात. दहा वेळा छापलेलं नाव पाच वेळा छापलं तर जागाही निघते.

दुसरं उत्तर हल्ली तयारच असतं, क्यूआर कोडचं. तीनशे प्रसिद्ध नावांच्या औषधांवर तो 1 ऑगस्ट 2023 पासून सक्तीचा झाला, आणि बनावट औषधं ओळखायला त्याचा उपयोग आहे. पण त्यातून मिळते ती माहिती म्हणजे नाव, उत्पादक, बॅच, मुदत, परवाना. पाकिटावर आधीच असलेलंच. कशावरची आणि कधी घ्यायची, हे तोही सांगत नाही. पाकिटावर जागा नसेल तर कोड बाहेरच्या खोक्यावर छापायची मुभा नियमात आहे, आणि खोकं कुठं राहतं हे वर आलंच. त्यातून तो वाचायला मोबाईल हवा, नेट हवं, ते चालवणारा माणूस घरी हवा. तुडीलच्या घरात म्हातारी एकटी आणि मोबाईलवाला मुलगा नालासोपाऱ्याला, हे चित्र सगळ्या कोकणाचं आहे. डॉक्टर आणि मेडिकलवाला तोंडी सांगतातच की, असंही म्हटलं जातं. सांगतात, आणि मनापासून सांगणारे पुष्कळ आहेत. परंतु 67 देशांतल्या डॉक्टर-भेटींचा एक आढावा 2017 साली प्रसिद्ध झाला, त्यात भारतातली सरासरी भेट दोन-सव्वादोन मिनिटांची निघाली. तेवढ्यात चार औषधांचे डोस सांगितले तरी घरी पोचेपर्यंत ते ध्यानात राहत नाहीत. हुशार मेडिकलवाला पेनानं पाकिटावर रेघा ओढून देतो: सकाळी एक, रात्री एक. चकचकीत फॉइलवर ती शाई दोन दिवसांत पुसते. ते खरडणं हाच पुरावा आहे, की छापलेल्या पाकिटात काहीतरी राहून गेलंय हे रोज औषध देणाऱ्या माणसाला पक्कं माहीत आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे आणि तो डॉक्टरांकडून येतो: लोकांना वाचता आलं तर ते आपल्या मनानं गोळ्या घेतील. प्रतिजैविकांच्या बाबतीत ही भीती अगदी खरी आहे; त्यासाठीच 2014 पासून काही औषधांची वेगळी कडक यादी लागू झाली आणि 2016 मध्ये लाल रेघेची मोहीम निघाली. पण मनानं घेणं आजही चालूच आहे, आणि ते न वाचता चालू आहे. लोक रिकाम्या पाकिटाचा तुकडा दुकानात नेऊन ‘हेच द्या’ म्हणतात. त्यांना अक्षरांची गरज लागत नाही, रंग पुरतो. ज्याला ‘ही प्रतिजैविकाची गोळी आहे, डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस घ्या’ हे आपल्या लिपीत वाचता येईल, तो निदान दोन दिवसांनी बरं वाटताच थांबण्याआधी विचार करील. लाल रेघ काय सांगते हे तिच्या शेजारी मराठीत लिहिलेलं नाही, त्यामुळे बहुतेकांना ती सजावट वाटते. तंबाखूच्या पुडीवर 85 टक्के जागा सचित्र इशाऱ्यानं व्यापावी हा नियम 2016 पासून पाळला जातो. उत्पादकांनी तिथंही जागेचा आणि खर्चाचा मुद्दा मांडला होता. खर्चाबद्दल एवढंच, की फॉइलवर आडवी-उभी कुठंही मुदत छापणारी शाईफवाऱ्याची आणि उष्णतेनं उमटवणारी यंत्रं उपलब्ध आहेत. ती बसवायला पैसे लागतील. छोट्या कारखान्यांना त्यासाठी दोन-तीन वर्षांची मुदत देणं योग्य ठरेल. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं मे 2023 मध्ये दोन्ही टोकांना मुदत आणि गोळ्यागोळ्यांमध्ये फाडण्याची छिद्ररेषा यांचा विचार चालू असल्याचं सांगितलं होतं. गरीब माणूस सुट्या गोळ्या घेतो हे मान्य करूनच ती सूचना पुढे आली होती, म्हणून ती मला पटते.

केंद्राची वाट पाहत बसण्याचं मात्र महाराष्ट्राला काही कारण नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, आणि सरकारी औषधांची खरेदी करण्यासाठी त्याच वर्षी महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण कायद्यानं स्थापन झालं. म्हणजे रक्तदाबाच्या आणि शुगरच्या गोळ्यांचा राज्यातला एक फार मोठा ग्राहक आता सरकारच आहे. कुष्ठरोगाच्या पाकिटाच्या वेळी जी जागा सरकारची होती तीच पुन्हा आली आहे. पाकिटावर ‘महाराष्ट्र शासन पुरवठा’ छापून घेता येतं, तर निविदेत आणखी चार अटी घालता येतात: प्रत्येक गोळीच्या मागे नाव, ताकद आणि मुदत, देवनागरीत औषधाचं नाव, कशावरची गोळी ते मराठीत एका शब्दात, आणि सूर्य-चंद्राची रिकामी चौकट, जिच्यावर औषध देणाऱ्यानं फक्त खूण करायची. लांब मुदतीच्या आजारांच्या पाचसहा औषधांपासून सुरुवात केली तरी पुरे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधनिर्मितीला लागणारी रसायनं बनतात, जवळच लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. नमुना पाकिटं तयार करून इथल्याच उपकेंद्रांत, इथल्या आशाताईंच्या हातून ती तपासून पाहता येतील. सावित्रीला 2021 च्या जुलैत आला तसा पूर येतो तेव्हा लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी गोळ्या घाईनं वाटाव्या लागतात. त्या गर्दीत हातात पडलेला एकेक तुकडा स्वतःची ओळख सांगणारा असेल तर वाटणाऱ्याचंही काम हलकं होईल.

तोवर वाचकांना एक विनंती. गोळ्या सुट्या घेत असाल तर ज्या टोकाला मुदत आहे तो भाग मागून घ्या, आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाणार असेल तर बिलावर बॅच आणि मुदत लिहून घ्या. मेडिकलवाल्यांनी गोळ्या मुदत नसलेल्या टोकाकडून कापून द्यायला सुरुवात केली असेल, तर तुकड्यासोबत कागदी पुडीवर मराठीत एवढं लिहून द्यावं: औषधाचं नाव, कशावरची, कधी घ्यायची, कधीपर्यंत चालेल. आणि गावी आईवडील एकटे असतील, तर दिवाळीला घरी गेल्यावर त्यांचा औषधांचा डबा एकदा त्यांच्यासमोर उघडा, मुदत संपलेलं बाजूला काढा आणि उरलेल्या प्रत्येक पाकिटाला मोठ्या मराठी अक्षरांतली चिठ्ठी चिकटवून या.